बुलेटचं तिसरं चाक

टेम्पो मळ्याच्या फाटकातून आत शिरला तेव्हा मालक घरापुढच्या सोप्यात खुर्चीवर बसून मिशा विंचरत होते आणि त्यांच्यासमोर आरसा सातगोंडाभाऊजींनी धरला होता. पन्नाशी उलटलेला, आमच्या जैन मंदिराचा, म्हणजे बस्तीचा, विश्वस्त म्हणवणारा माणूस दुसऱ्याच्या मिशांसाठी आरसा धरून उभा राहतो, हे मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि पुन्हा डाळ निवडायला लागले. डाळीतला किडा निदान लाजून लपतो.

मालक म्हणजे माझे यजमान, भूपाल मगदूम. आमच्या जयसिंगपूरकडच्या भागात नवऱ्याला मालक म्हणतात आणि मी आयुष्यभर तेच म्हणत आले. गाव त्यांना अण्णा म्हणायचं. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. ऊसतोडीच्या दिवसांत बुलेटवरून पडले, जखम रक्तातल्या साखरेमुळे चिघळली आणि पाय काढावा लागला. मोडलेली बुलेट माझा धाकटा भाऊ जिनदत्त इचलकरंजीला घेऊन गेला होता. दुरुस्त करून आणतो, एवढंच त्यानं मालकांना सांगितलं होतं. कशी दुरुस्त करायची ते त्याचं माझ्याशी ठरलं होतं.

त्या दिवशी बुलेट परत यायची म्हणून सोप्यात थाट होता. झेंडूचा हार आणलेला. मालकांचे दोस्त सातगोंडाभाऊजी आणि डेअरीच्या कट्ट्यावरचे आणखी दोघे सकाळपासून चहावर चहा पीत बसलेले. अण्णा पुन्हा गाडीवर बसले की गाव गावासारखं वाटेल, असं ते आळीपाळीनं म्हणत होते. मालक कुबडीला टेकून उठले आणि हार हातात घेऊन अंगणात गेले.

जिनदत्तनं टेम्पोतल्या गाडीवरची ताडपत्री ओढली.

पुढून ती मालकांचीच बुलेट होती. तीच काळी टाकी, तोच दिवा. मागचं चाक मात्र काढलेलं होतं. त्या जागी आडवा आस बसवून त्याला दोन बाजूंना रिक्षाची दोन चाकं लावली होती, आणि मधे, चालवणाऱ्याच्या पाठीशी, पाठ टेकायला लोखंडी कठडा असलेलं एक बाकडं होतं. डाव्या पायाचा ब्रेक वर हँडलवर आणलेला.

मग सातगोंडाभाऊजी म्हणाले, "अण्णा, घोड्याला मागनं म्हशीचं ढुंगण लावलंय की ओ."

बाकीचे दोघे हसले. मालकही हसले, कारण चौघांत आधी हसून घेतलं की आपल्यावर हसलं जात नाही असं त्यांना वाटायचं. हसता हसता त्यांनी हार टेम्पोच्या चाकाशी टाकला.

"तीन चाकं कुणाला लागत्यात रे जिनदत्त?" त्यांनी विचारलं. "बारक्या पोराला, न्हाईतर माणसं कोंबून नेणाऱ्या वडापला. ह्यातलं मी कोण?"

जिनदत्त साधा माणूस. त्यानं प्रश्न खरा मानला आणि समजावून सांगायला लागला. पाय टेकायची गरज नाही, स्टँडची गरज नाही, गाडी आपली आपण उभी राहते. बसल्या जागी उजव्या पायानं किक मारता येते, गिअरही त्याच पायाशी आहे. फक्त एक गोष्ट. वळताना अंग टाकायचं नाही.

"दोन चाकांवर आपण अंगानं वळतो, दाजी. ध्यानातबी येत न्हाई. हिला ते चालत न्हाई. अंग टाकलं तर ही सरळ जाणार. हँडल धरून फिरवायचं, बैलगाडीवानी."

"तीस वर्सं बुलेट चालवली," मालक त्याच्याकडे न बघता भाऊजींना म्हणाले, "आता मेव्हणा शिकवायला लागला."

जिनदत्तला वाईट वाटलं असावं. त्यानं गाडीच्या बाकड्यावर हात ठेवला आणि आपण केलेल्या कामातली सगळ्यात चांगली गोष्ट सांगितली. "आणि अक्का आता मागं कशीबी हलली ना दाजी, तरी गाडीला काय होत न्हाई. नाचली तरी पडणार न्हाई."

मालकांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथं थांबलं. ते मी पाहिलं. भाऊजींनी आरसा उगाच पालथा केला.

गाडी उतरवून गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली लावली. संध्याकाळी मालकांनी तिच्यावर पुन्हा ताडपत्री टाकायला सांगितली. मढं झाकतात तशी.

*

जिनदत्त जे बोलला ते त्यानं मनानं काढलं नव्हतं. अपघाताची गोष्ट गावात तशीच झाली होती आणि त्यालाही तीच ठाऊक होती.

आमचा मळा गावापासून दोन मैल. तरुणपणी एका मुनिमहाराजांकडून मी काही नियम घेतले होते. दिवस मावळल्यावर जेवायचं नाही, पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही, खोटं बोलायचं नाही, आणि सकाळी बस्तीत जाऊन देवाचं दर्शन घेतल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. बाकीच्या नियमांचा घरात कुणाला त्रास नव्हता, कारण ते मला एकटीला पाळता येत होते. दर्शनाला गाडी लागायची. मालक रोज सकाळी मला बुलेटवरून न्यायचे आणि गाव म्हणायचं, बायकोचा धर्म सांभाळावा तर मगदुमांनी.

मालक बस्तीच्या पायऱ्या कधी चढले नाहीत. मला उतरवलं की ते डेअरीसमोर बुलेट उभी करून तिच्यावर रेलायचे. दूध घालायला आलेली माणसं भोवती जमायची. बुलेटचा आवाज, बुलेटचं वजन, बुलेट कुणाच्या बापाला पेलते, हेच बोलणं. पायानं अधू असलेले रामू शिंपी हातानं फिरवायच्या तीनचाकी सायकलवरून तिथूनच जायचे. ते जवळ आले की मालक मुद्दाम गाडी रेस करून त्यांच्या तोंडावर धूर सोडायचे. सगळे हसायचे. रामू शिंपीही हसायचे, त्यांना दुसरं काय करता येणार होतं. ते मला बस्तीच्या दारातून दिसायचं. धर्म सांभाळायला नेलं जातंय की कट्ट्यावर यायला निमित्त म्हणून नेलं जातंय, हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. पण दर्शन घडत होतं. निमित्ताला दुखायचं कारण नव्हतं.

डेअरीपाशी रस्ता डावीकडे वळतो. तिथं बुलेट आडवी घालून वळवायची ही मालकांची रीत. कट्ट्यावरचे माना वळवून बघायचे. त्याच वळणावरून बस्तीपुढचा मानस्तंभ पहिल्यांदा दिसतो. मानस्तंभ दिसला की माणसाचा गर्व गळून पडतो असं शास्त्रात आहे. कट्ट्यावरून तो दिवसभर दिसतो. तिथं बसणाऱ्या कुणाचा गळलेला मी पाहिला नाही.

त्या दिवशी त्या वळणावर गाडी गेली. उसाच्या ट्रॉलीतून सांडलेलं पाचट रस्त्यावर होतं. मी बाजूला फेकली गेले, मला खरचटलं. मालकांचा पाय गाडीखाली गेला. लोक धावले. मालकांना उचलत असतानाच ते म्हणाले, ही मागं हलली. सातगोंडाभाऊजी कट्ट्यावरच होते. ते म्हणाले, मी डोळ्यांनी बघितलं, मानस्तंभ दिसला तशी वहिनींनी मागं हात जोडले, अंग हललं आणि तोल गेला. विश्वस्ताचे डोळे, कोण नाही म्हणणार. मालकांना मिरजेला पोहोचवेपर्यंत गावभर तेच झालं होतं.

पुढं मालकांचा पाय काढला तेव्हा माझी नणंद दवाखान्यात मला म्हणाली, "तुझ्या दर्शनापायी माझ्या भावाचा पाय गेला." मी तिला दशमी वाढत होते. वाढत राहिले.

मालक घरी आल्यापासून मी चालत बस्तीत जाऊ लागले. उन्हाळ्यात ते जमलं. पावसाळ्यात मळ्याची वाट म्हणजे गुडघ्याएवढा चिखल. परत येईपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असायचं आणि घशात पाणी नाही. एकदा ओढ्याजवळ चक्कर येऊन बसले. शेजारच्या मळ्यातल्या बाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मी तिला हात जोडले आणि उठून चालायला लागले. दुसऱ्या दिवशी ती हकिगत डेअरीवर पोहोचली, आणि डेअरीवरून मालकांच्या कानावर.

बायको चिखलातून चालत जाते याचं त्यांना काही नव्हतं. बायको चालत जाते आणि दारात तीनचाकी झाकून ठेवलीये, हे लोक बोलायला लागले त्याचं होतं. म्हणून एक दिवस त्यांनी तोडगा काढला. जयसिंगपूरहून बाहुबलींचा एक काचेचा फोटो मागवला आणि सोप्यात लावला.

"ह्याचं दर्शन घे की," ते म्हणाले. "देव काय बस्तीतच असतोय व्हय?"

आयुष्यात बस्तीची पायरी न चढलेला माणूस देव कुठं असतो ते सांगत होता. मी फोटो पुसून नीट टांगला, त्याला नमस्कार केला आणि अक्षतांची डबी घेऊन चालायला लागले.

मग आठवड्याभरात सातगोंडाभाऊजी आले. शेजारच्या गावात एक मुनिमहाराज चातुर्मासाला होते. त्यांच्याशी आपण बोलतो, वहिनींचं वय झालं, घरात माणूस अधू आहे, नियम सोडवून घेऊ, असं त्यांनी मला न सांगता मालकांना सांगितलं, मी ऐकेन इतक्या मोठ्यानं. अधू हा शब्द त्यांच्या तोंडून गेला आणि मालकांचा चेहरा काळा झाला. तसे भाऊजी घाईनं म्हणाले, म्हणजे अण्णांना काही झालं नाही, आपलं महाराजांना सांगायला. त्या दोघांच्या दोस्तीत खरं म्हणून काही उरलं असेल तर ते असं चुकून तोंडातून सांडायचं.

मी दारात येऊन एवढंच म्हटलं की नियम मी घेतला आहे, सोडवून घ्यायचा तर मीच जाईन, आणि मला जायचं नाही.

आवाज चढवायची मला सवय नव्हती. हळू बोललं की लोकांना वाटतं बाईचा निश्चयही हळूच असेल. त्यांनी तो विषय संपला असं धरलं नाही.

*

भाद्रपदात आमचं दशलक्षण पर्व येतं. दहा दिवस बस्तीत पूजा, सगळं गाव सकाळी तिथं. आदल्या संध्याकाळी सातगोंडाभाऊजी त्यांची नवी मोटारसायकल घेऊन मळ्यावर आले. सोप्यात बसले. मी चहा दिला.

"उद्यापासनं पर्व," ते म्हणाले. "वहिनी चिखलानं भरलेल्या पायांनी येणार, पंचक्रोशीतली माणसं बघणार. बरं दिसत न्हाई अण्णा. दहा दिवस मी नेतो की त्यांना. माझ्या मागं बसतील."

मालकांनी मान हलवली. आपली बायको दुसऱ्याच्या दोन चाकांवर गेलेली त्यांना चालणार होती, आपल्या तीन चाकांवर गेलेली नाही.

मी म्हटलं, "नको भाऊजी. मी मागं बसले की हलते, असं तुम्हीच गावाला सांगितलंय. उद्या तुमचा पाय गेला तर तुमच्या घरात मी काय तोंड दाखवू?"

भाऊजींनी कप उचलला होता तो तसाच खाली ठेवला. मालकांकडे बघितलं. मालक फाटकाकडे बघत होते. चहावर साय धरली, भाऊजींनी तो प्यायला नाही. घरी पाहुणे येणार आहेत असं काहीतरी पुटपुटून ते गेले. जाताना त्यांची गाडी दोनदा बंद पडली.

मालक रात्री जेवले नाहीत. मला त्याचं फारसं वाटलं नाही. मी दिवस मावळायच्या आत जेवून घेतलं होतं.

पहाटे अंघोळ करून मी डबी घेतली आणि बाहेर आले, तर गोठ्याशेजारची ताडपत्री खाली पडलेली. मालक तीनचाकीवर बसले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला फेटा, मिशा वर वळवलेल्या. कुबडी बाजूला सुतळीनं बांधलेली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बस."

मी बाकड्यावर बसले. डबी मांडीवर धरली. त्यांनी उजव्या पायानं किक मारली, गाडी सुरू झाली. आवाज बुलेटचाच होता. त्या आवाजानं त्यांचे खांदे रुंद झालेले मला मागून दिसले.

मळ्याची वाट त्यांनी जपून काढली. चिखलात तिन्ही चाकं धरून गाडी बैलासारखी चालली. मला वाटलं, जमेल यांना. डांबरी रस्त्याला लागल्यावर मात्र ते वेग घ्यायला लागले. पूजेला निघालेली माणसं बाजूला होत होती. पुरुष धोतर-उपरण्यात, बायका हातात तबकं घेऊन. लोक वळून बघत होते. मालकांची मान ताठ झाली. माणसं आपल्याकडे बघतात की तीन चाकांकडे, हे ज्याला कळत नाही त्याला वेग आवरत नाही.

डेअरी दिसली. कट्ट्यावर सगळे होते. सातगोंडाभाऊजीही होते, धोतर नेसून बस्तीत जायच्या आधी कट्ट्याचं दर्शन घ्यायला आलेले. रस्त्याच्या कडेला दुधाच्या कॅनांची रांग मांडली होती, दूध संघाची गाडी यायची होती.

वळण आलं आणि मालकांनी अंग डावीकडे टाकलं. तीस वर्षं टाकत आले होते तसं, सगळा खांदा, सगळी कंबर, बघणाऱ्यांनी बघत राहावं असं. माणूस डावीकडे वाकला आणि गाडी सरळ गेली. ती वाकली नाही. तिला वाकताच येत नव्हतं. ती जशी निघाली होती तशी ताठ, सगळ्या गावासमोर, कॅनांच्या रांगेत घुसली.

मोठा आवाज झाला. कॅन कोसळले, दूध रस्त्याला वाहायला लागलं. सुतळी तुटून कुबडी लांब जाऊन पडली. गाडी बंद पडली आणि तिन्ही चाकांवर उभी राहिली. मी बाकड्यावर होते तिथंच होते. डबीचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

माणसं जमली. कुणाला लागलं नव्हतं म्हणून पहिल्यांदा काळजी आणि मग तोंडावर पदर धरून हसू. मालक दुधात उभ्या असलेल्या गाडीवर बसून होते. उतरता येत नव्हतं. फेटा एका बाजूला कलला होता. कट्ट्यावरचा कुणीतरी म्हणाला, "अण्णा, गाडी दूध घालायला आणलीसा व्हय?" आणि हसू मोठं झालं.

मालकांनी माझ्याकडे मागं वळून बघितलं. ती नजर मला ठाऊक होती. जानेवारीत, त्याच जागी, पाचटात पडलेले असताना त्यांनी माझ्याकडे तसंच बघितलं होतं.

"हलली," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "परत हलली ही मागं."

माणसांनी बाकड्याकडे बघितलं, लोखंडी कठड्याकडे बघितलं, मग मागच्या दोन्ही चाकांकडे. वारणेकाठची साधी माणसं, पण बैलगाडीत बसून वाढलेली. मागं बसलेलं माणूस हललं म्हणून तीन चाकं सरळ जात नाहीत, एवढं त्यांना कळत होतं. हसणं थांबलं. गंगव्वा चौगुले म्हणून एक म्हातारी पूजेचं तबक घेऊन पुढंच उभी होती. ती म्हणाली, "आरं, ही कशी हललीया? डबी धरून बसलीया की गप."

तिथं मालकांनी थांबायला हवं होतं. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर थांबला असता, गाडीला शिव्या दिल्या असत्या, मेव्हण्याला दिल्या असत्या. पण एवढे महिने मी गप्प होते आणि त्या गप्पपणावर त्यांनी घर बांधलं होतं. ते त्यांना पक्कं वाटलं.

"तिलाच विचारा की," ते म्हणाले. "तिचं व्रत हाय, खोटं बोलत न्हाई." मग माझ्याकडे वळले. "सांग सगळ्यास्नी. तवाबी आणि आत्ताबी, दोन्ही टायमाला हललीस का न्हाई तू?"

माझा आवाज कधीच मोठा नव्हता. पण कॅनांचा खडखडाट थांबला होता आणि सगळे ऐकत होते.

"नाही," मी म्हटलं. "आत्ता हलले नाही. त्या दिवशीही हलले नाही. त्या दिवशी वळणावर सातगोंडाभाऊजी कट्ट्यावरून म्हणाले, अण्णा, हात सोडून वळवा बघू. तुम्ही दोन्ही हात सोडलेत, मिशांना लावलेत, आणि गाडी पाचटावर गेली."

विचारलं तेवढंच मी सांगितलं. त्यात एक शब्द जास्त घातला नाही.

गंगव्वानं सातगोंडाभाऊजींकडे मान वळवली. "व्हय रं?"

बस्तीचे विश्वस्त खाली बघत होते. ते म्हणाले, "दूध लई सांडलंय." आणि धोतर वर धरून पडलेला एक कॅन उभा करायला लागले. रिकामा होता.

मी बाकड्यावरून उतरले. दूध चुकवत रस्त्याच्या पलीकडे गेले. माणसांनी वाट दिली. बस्तीत पूजा सुरू झाली होती. पर्वाचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा असतो, बस्तीचे पुजारी उपाध्ये क्षमेवर काही सांगत होते. मी दर्शन घेतलं, अक्षता वाहिल्या, बराच वेळ बसले. क्षमेचं पुढं बघू म्हटलं, अजून नऊ दिवस होते.

*

परत आले तेव्हा कट्टा रिकामा होता. मालक गाडीवर तसेच बसले होते. त्यांच्या पायाशी एक कुत्रं दूध चाटत होतं. कुबडी डेअरीच्या भिंतीशी पडली होती. एवढी दोस्त मंडळी, आरसा धरणारी, चहा पिणारी. एकानंही ती उचलून दिली नव्हती. रामू शिंपी तेवढे आपल्या सायकलवर बसून पलीकडे थांबले होते. ते हात करून म्हणाले, माझा हात पोचत न्हाई वहिनी, न्हाईतर दिली असती. मी कुबडी उचलली, पदरानं पुसली आणि गाडीला बांधली.

मालकांनी किक मारली. मी बसले.

ते परत वळले ते हँडल धरून वळले. खांदे सरळ, कंबर सरळ. परतीच्या वाटेवर पूजेहून येणारी माणसं भेटली, कुणी मुद्दाम दुसरीकडे बघितलं, कुणी नमस्कार केला, तोही माझ्याकडे बघून. वीसेक वर्षं झाली त्याला. पुढं दहा-बारा वर्षं, मालकांचे डोळे गेले तोवर, त्यांनी मला रोज त्याच गाडीवरून बस्तीत नेलं. डेअरीपाशी ते कधी थांबले नाहीत. बस्तीसमोर गाडी उभी करून बसायचे, माना वळवून बघणारं तिथं कुणी नव्हतं.

पण त्या दिवशी मळ्यात आल्यावर ते गाडीवरून उतरले नाहीत. मी कुबडी सोडून त्यांच्या हातात दिली. ती हातात धरून ते बसून राहिले.

"एवढे महिने बोलली न्हाईस," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं नव्हतंत."

"गावातबी कुणी विचारलं न्हाई?"

"नाही."

त्यांनी फेटा काढून टाकीवर ठेवला. डोक्याला घाम आला होता. मग त्यांनी विचारलं, "आणि आता कुणी विचारलं तर?"

"सांगेन," मी म्हटलं, आणि पाणी प्यायला आत गेले.